चूक तुमची की वस्तूची?

या महिन्यात कळवा, घोडबंदर रोड, ऐरोली, वाशी, कोपरखैरणे, खारघर अशा ठिकाणांहून पत्रं आली. वस्तू वेगवेगळ्या, पण एक वाक्य बहुतेक पत्रांत आहे: ‘माझंच काहीतरी चुकत असेल.’ रोज वापरणाऱ्या हातून तीच चूक पुन्हा पुन्हा होत असेल, तर आधी वस्तू तपासायची, मग हात. उत्तरं त्याच क्रमाने दिली आहेत.

प्रश्न: रोज सकाळी लोकलच्या गर्दीतून ऑफिसला जातो. डबा स्टीलचा, आयताकृती. प्लास्टिकच्या झाकणाला दोन क्लिपा. पहिले दोन महिने थेंब सांडला नाही. आता आठवड्यातून दोनदा तरी आमटी बॅगेत. झाकण तर मी घट्टच लावतो. (वाचक, कळवा)

झाकण घट्ट लागतं, पण सगळीकडे सारखं लागत नाही. आमटी अडवते ती झाकणातली सिलिकॉनची रिंग, आणि ती काठावर सगळीकडून सारखी दाबली गेली तरच अडवते. दोन क्लिपा डब्याच्या आखूड बाजूंना असतात, त्यामुळे तिथे दाब भरपूर. लांब बाजूच्या मधोमध मात्र झाकण किंचित उचललेलं राहतं आणि रिंग नुसती टेकलेली असते. नवी रिंग फुगीर असते, म्हणून ती फट भरून निघते. रोज दाबून दाबून रिंग चपटी होते आणि फट उघडी पडते. तुमचे पहिले दोन महिने याच फुगीरपणावर निघाले.

खात्री करून घ्या. डब्यात पाणी भरा, झाकण लावा, वर्तमानपत्रावर उलटा ठेवा आणि दहा मिनिटांनी कागद कुठे भिजलाय ते बघा. ओल लांब बाजूच्या मध्यावर असेल तर दोष क्लिपांच्या जागेचा. एखाद्या कोपऱ्यात असेल तर काठाला पोचा आलाय किंवा रिंगेला चीर गेलीय. रिंग धुवायला काढताना सुरीचं टोक वापरलं की हमखास चीर जाते. चमच्याच्या दांड्याने उचला.

दुसरं कारण सकाळच्या घाईचं. वाफाळती आमटी ओतून लगेच झाकण लावलं की वरची हवा तापते, वाफ वाढते आणि ती रिंगेखालून वाट काढते. एकदा रिंग ओली होऊन सरकली की मागोमाग आमटी येते. पुढे डबा गार झाला की उलट होतं, आतला दाब कमी होतो आणि झाकण उघडता उघडत नाही. झाकणावर छोटं रबरी बूच असेल तर ते याचसाठी आहे: भरताना उघडं ठेवा, निघताना लावा, खाण्याआधी पुन्हा उघडा. बूच नसेल तर दहा-पंधरा मिनिटं झाकण न लावता थांबा आणि काठाखाली बोटभर जागा सोडून भरा.

पुढचा डबा घेताना पातळ पदार्थासाठी गोल घ्या. गोल काठाला लांब बाजूच नसते, त्यामुळे रिंग सगळीकडे सारखी दाबली जाते. फिरकीचं झाकण तर उत्तमच. आयताकृतीच हवा असेल तर चार बाजूंना चार क्लिपा पाहिजेत. क्लिप जिथे दुमडते ती पट्टी बघा. झाकणाच्याच प्लास्टिकची पातळ पट्टी दुमडून केलेली बिजागरी पॉलिप्रॉपिलीनची असेल तर हजारो वेळा उघडली तरी तुटत नाही. झाकणाखाली त्रिकोणात ५ हा आकडा असतो, तीच खूण. ६ आकडा असेल तर ते पॉलिस्टायरीन, ते दुमडायला कडक असतं आणि तडकतं.

प्रश्न: महिन्याभरात कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह दोनदा उडाला. दुरुस्तीवाले म्हणतात, ‘जाड बसवून देतो, परत उडणार नाही.’ बसवून घेऊ का? आणि आत बसणाऱ्या झाकणाचा कुकर जास्त सुरक्षित का? (वाचक, खारघर)

अजिबात बसवून घेऊ नका. तो व्हॉल्व्ह उडाला म्हणजे त्याने त्याचं काम चोख केलं.

आतला दाब किती असतो ते बघा. शिटी होते तेव्हा वातावरणाच्या वर दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब असतो, म्हणून आतलं पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं आणि डाळ लवकर शिजते. झाकणाचा व्यास २० सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर, म्हणजे झाकण ३१४ किलोच्या जोराने वर ढकललं जातंय. चार-पाच मोठ्या माणसांचं वजन. हा जोर कुठून तरी सुटणार असेल, तर तो झाकणातून सुटू नये, एका स्वस्त, बदलता येणाऱ्या बुचातून सुटावा, असं आधीच ठरवून ठेवलेलं असतं. सेफ्टी व्हॉल्व्हच्या मधोमध कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू असतो. वाफेची नळी तुंबून दाब वाढला, किंवा पाणी आटून कुकर कोरडा पडला, की तापमान चढतं, धातू वितळतो आणि वाफ तिथून निघून जाते. जाड, दुसऱ्या बनावटीचा किंवा एम-सीलने बुजवलेला व्हॉल्व्ह म्हणजे ही ठरवलेली वाट बंद करणं.

तेव्हा प्रश्न असा की तुमची नळी का तुंबतेय. आपल्याकडे कुकर लावतात तो भांड्यांचा: खाली पाणी, त्यात जाळी, वर डाळीचं भांडं, त्यावर भाताचं. तूरडाळ फेसते. भांडं काठोकाठ असेल तर फेस उतू जातो आणि डाळीची सालं, कण वर येऊन नळीत अडकतात. डाळीचं भांडं अर्ध्याच्या वर भरू नका, त्यात चमचाभर तेल घाला, वर ताटली झाका आणि शक्यतो ते खालीच ठेवा. तळाला निदान दोन बोटं पाणी हवंच. आणि एक सवय लावून घ्या: झाकण लावण्याआधी ते उजेडाकडे धरून नळीतून आरपार बघायचं. गोल उजेड दिसला तर नळी मोकळी. दिसला नाही तर खराट्याची हिराची काडी घालून साफ करा. पाच सेकंदांचं काम आहे, पण कुकरच्या बाबतीत याहून महत्त्वाचं दुसरं काही नाही.

शिटीही तपासा. हरवली म्हणून दुसऱ्या कंपनीची आणली असेल तर तिचं वजन वेगळं असतं. वजन जास्त म्हणजे शिटी व्हायला दाब जास्त, आणि मग व्हॉल्व्हवर ताण येतो. शिटी, रिंग आणि व्हॉल्व्ह त्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे घ्यायचे.

आता झाकणाचं. बाहेरून बसणाऱ्या झाकणाला कडेला खाचा असतात, त्या भांड्याच्या खाचांत अडकतात आणि सगळा जोर त्या पेलतात. आतून बसणारं झाकण अंडाकृती असतं, तिरकं करून आत घालावं लागतं आणि वाफ त्यालाच खालून काठावर दाबून धरते. दाब असेपर्यंत ते उघडतच नाही. घाई करणाऱ्याच्या हातूनही नाही. या एका कारणासाठी आम्हाला ती रचना जास्त आवडते. तिची अडचण अशी की तोंड अरुंद पडतं, रुंद भांडी आत जात नाहीत आणि झाकण लावण्याची लकब शिकावी लागते. म्हाताऱ्या माणसांचे हात कापत असतील तर बाहेरच्या झाकणाचा कुकरही चालेल, फक्त वाफ आपोआप जाऊ द्या आणि शिटी उचलून पाहिल्याशिवाय दांडा फिरवू नका. कोणताही घ्या, आयएसआय मार्क बघून घ्या. २०२० च्या केंद्र सरकारच्या आदेशाने घरगुती प्रेशर कुकरला तो बंधनकारक झाला आहे. मानक आहे आयएस २३४७.

प्रश्न: चार बर्नरची काचेची शेगडी ऑनलाइन घेतली. आमच्याकडे पाइपचा गॅस आहे. ज्योत बारीक येते, आणि दर वेळी भलतंच बटण फिरवलं जातं. (वाचक, कोपरखैरणे)

दोन वेगळ्या तक्रारी आहेत. ज्योतीची सोपी आहे. शेगडीतले जेट, म्हणजे बारीक भोकाच्या ज्या तोट्यांतून गॅस बर्नरमध्ये येतो त्या, सिलिंडरच्या गॅससाठीचे आहेत. सिलिंडरचा गॅस शेगडीला साधारण ३० मिलिबार दाबाने मिळतो, पाइपचा २१ मिलिबारच्या आसपास. शिवाय तेवढ्याच आकारमानात पाइपच्या गॅसमध्ये उष्णता निम्म्याहून कमी असते. म्हणून त्याला मोठ्या भोकाचे जेट लागतात. ठाणे-नवी मुंबईत महानगर गॅसचा पुरवठा आहे. त्यांच्याकडे नोंद करून अधिकृत माणसाकडूनच जेट बदलून घ्या. ड्रिलने भोक मोठं करून देणारे भेटतील, त्यांना नको म्हणा. आणि हीच शेगडी पुढे गावाला नेऊन सिलिंडरला जोडायची असेल तर जेट परत बदलावे लागतील, नाहीतर मोठी, पिवळी, काजळी धरणारी ज्योत येईल.

बटणांच्या बाबतीत तुम्ही निर्दोष आहात. बर्नर दोन रांगांत, बटणं एका रांगेत. एका रांगेतून डावं-उजवं कळतं, पुढचं-मागचं कसं कळणार? बर्नर थोडे तिरके मांडले असते, म्हणजे डावीकडून उजवीकडे मोजताना प्रत्येकाची जागा वेगळी आली असती, तर चित्रंही लागली नसती. बटणाशेजारची चार ठिपक्यांची बारीक खूण वर्षभरात पुसली जाते. ज्यात दुधाचं पातेलं असतं त्या बर्नरच्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावा. एवढ्यानेही बराच फरक पडतो. दुसरी शेगडी घेताना बटणाला उभी उंच कड आहे का बघा, म्हणजे ते कुठे वळलंय हे न बघता हाताला कळतं. गुळगुळीत गोल बटणावर नुसती पांढरी रेघ असेल तर ती पुसली गेल्यावर गॅस बंद आहे की मंद, हे लांबून समजत नाही. बटण जड फिरायला लागलं तर खोबरेल घालू नका. ते तापून चिकटा होतो. बटणामागच्या गॅस उघड-बंद करणाऱ्या कॉकला उष्णता सोसणारं खास ग्रीस लागतं, ते मेकॅनिककडून लावून घ्या.

प्रश्न: एवढा महाग मिक्सर, आणि त्याचा कपलर प्लास्टिकचा! तिसऱ्यांदा झिजला. (वाचक, ठाणे पूर्व)

कपलर म्हणजे मोटर आणि भांडं जोडणारी दातेरी चकती. तो मऊ आहे ते मुद्दाम. भांडं अडकलं की आधी कपलरचे दात जावेत, मोटर जळू नये, असा हिशेब असतो. पण तीनदा जाणं बरोबर नाही. भांडं रिकामं करून उलटं धरा आणि खालचा भाग बोटाने फिरवा. सहज फिरला पाहिजे. जड असेल तर भांड्याचा बुश, म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी, गेलाय. तो न बदलता कपलर बदलत राहिलात तर चौथाही जाईल. चालू मिक्सरवर भांडं टेकवू नका, पूर्ण थांबल्याशिवाय उचलूही नका.

कपलर घरी बदलता येतो. आधी प्लग काढा. मोटरचा दांडा खालून धरून कपलर ज्या दिशेने मोटर फिरते त्याच दिशेने फिरवा, म्हणजे सुटेल. काम करताना तो आपोआप आवळला जावा म्हणून आटे तसे पाडलेले असतात. उलट जोर लावलात तर आणखी घट्ट बसेल. दुकानात मिक्सर घेताना वॅट विचारण्याआधी कपलर आणि बुश सुटे मिळतात का ते विचारा.

प्रश्न: थ्री-पिनची जाड पिन कापली तर प्लग टू-पिनच्या जागी बसतो. चालेल का? (वाचक, वाशी)

नाही. ती पिन अर्थिंगची आहे, म्हणजे वस्तूत वीज उतरली तर ती तुमच्या अंगातून न जाता जमिनीत जावी यासाठी. इतर दोन पिनांपेक्षा लांब असते, म्हणून आत जाताना आधी जोडली जाते आणि काढताना शेवटी सुटते. लहान मुलांनी काही खुपसू नये म्हणून ज्या सॉकेटच्या भोकांना आतून पडदे असतात, ते उघडण्याचं कामही तीच करते. रोजच्या वस्तूंत इतकी विचारपूर्वक केलेली पिन क्वचित सापडते. सॉकेट बदला.

प्रश्न: इलेक्ट्रिक किटलीतून पाणी ओतताना झाकणाच्या भोकातली वाफ थेट हँडलवरच्या बोटांवर येते. हात भाजला. कंपनी म्हणते, वापर चुकीचा. (वाचक, ऐरोली)

हँडलच्या बाजूला वाफेचं भोक ठेवणं हा रचनेतला दोष आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाची जबाबदारी फक्त बनवण्यातल्या चुकीपुरती नाही. रचनेतला दोष आणि अपुऱ्या सूचना हेही त्यात येतात. किटली टाकू नका, दुरुस्तही करू नका. बिल, मॉडेल नंबर, भोकाचा आणि हाताचा फोटो, डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा. आधी कंपनीला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. तरीही ऐकलं नाही तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, तेही तुम्ही राहता त्या जिल्ह्यात. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही.

प्रश्न: नव्या फ्लॅटमध्ये हॉलच्या बोर्डावर दहा सारखे स्विच. आई रात्री उठली की दिव्याऐवजी पंखा बंद करते. (वाचक, घोडबंदर रोड)

दहा सारख्या स्विचांतून अंधारात एक ओळखणं कुणालाच जमणार नाही, आईंचा दोष नाही. आज रात्रीपुरता उपाय: दिव्याच्या स्विचवर मखमली टिकली चिकटवा, बोटाला लगेच कळते. पंख्याच्या स्विचवर काही लावू नका, दोन खुणा झाल्या की पुन्हा गोंधळ होतो.

पक्का उपाय इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. मॉड्युलर बोर्डातले स्विच सुटे असतात, मेन बंद करून जागा बदलता येतात. दाराच्या सगळ्यात जवळचा स्विच दिव्याचा असावा. बाकीचे खोलीत दिवे-पंखे ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने लावा, आणि पंख्याचा स्विच त्याच्या रेग्युलेटरला चिकटून असू द्या. दिव्यासाठी रुंद पट्टीचा, आत बारीक लाल खूण पेटणारा स्विच घेतलात तर टिकलीची गरज उरणार नाही. तोवर पावसाळ्यात ती सुटली की नवी लावा, त्याच जागी.