बिछाना येताना घ्या

वाचकांचे प्रश्न : प्रवास आणि पैसा

प्रश्न : ताई, माझ्या सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन 2027 च्या फेब्रुवारीत सांगलीला करायचं ठरतंय. आम्ही चौघं लंडनहून मुंबईला जाणार. तेव्हा मुलगी 15 वर्षांची असेल आणि मुलगा 8 चा. ब्रिटिश एअरवेजच्या अमेरिकन एक्स्प्रेस कार्डावर नवऱ्याला कम्पॅनियन व्हाउचर मिळालंय. माझ्याकडेही तेच तीनशे पाउंड फीचं कार्ड आहे, पण खर्च अजून 11,000 पाउंडांवरच अडकलाय. दोघांचे मिळून एव्हिओस, म्हणजे ब्रिटिश एअरवेजचे पॉइंट, बऱ्यापैकी साठलेत. एकदा तरी सगळ्यांनी मिळून बिझनेस क्लासने जावं अशी फार इच्छा आहे. जमेल का? आणि व्हाउचर म्हणजे दुसरं तिकीट खरंच फुकट असतं का?
— एक वाचक, मिल्टन कीन्स

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण वेम्बलीतल्या ट्रॅव्हल एजन्सीच्या काउंटरवर एकोणीस वर्षं बसले त्यात सगळ्यात जास्त चेहरे याच उत्तराने पडलेले पाहिलेत. नाही, फुकट नसतं. व्हाउचरने दुसऱ्या माणसाचे एव्हिओस वाचतात. कर आणि विमान कंपनीचे आकार मात्र दोघांचेही पाउंडांत भरावे लागतात. चौघांचा हिशेब मांडताना एव्हिओसचा रकाना अर्धा करा, पाउंडांचा रकाना चौपट.

आता तुमचं कार्य. लग्नाची तारीख चार महिने आधी ठरली तरी आपण खूश असतो. सहस्रचंद्रदर्शनाचं तसं नाही, सासऱ्यांची जन्मतारीख सगळ्यांना पाठ आहे. हा तुमचा मोठा फायदा. लांब पल्ल्याच्या प्रत्येक विमानात ब्रिटिश एअरवेज पॉइंटवाल्यांसाठी किमान चार सीट बिझनेसमध्ये, म्हणजे क्लब वर्ल्डमध्ये, आणि आठ इकॉनॉमीत ठेवते. प्रवासाच्या 355 दिवस आधी, ग्रीनिच वेळेने मध्यरात्री, त्या खुल्या होतात. तुम्ही चौघं आणि हमखास सीट चारच. हाफ-टर्मच्या, म्हणजे शाळांच्या मधल्या सुट्टीच्या, आठवड्यात मुंबईला जाऊ पाहणारं दुसरं मराठी किंवा गुजराती कुटुंब त्याच रात्री जागं नसेल, असं समजू नका. भटजींना विचारून कार्य दोन-चार दिवस पुढेमागे करता आलं तर आत्ताच विचारा, म्हणजे दोन-तीन रात्री प्रयत्न करता येतील.

व्हाउचर ज्याच्या नावाचं, त्याने स्वतः प्रवास केलाच पाहिजे, आणि एका व्हाउचरवर माणसं दोनच. मी तुमच्या जागी असते तर दोन बुकिंगं केली असती. एकात नवरा आणि मुलगा, दुसऱ्यात तुम्ही आणि मुलगी. एव्हिओस आधी घरच्या एकत्र खात्यात आणून ठेवा. एका पत्त्यावर राहणाऱ्यांना ते उघडता येतं.

तुमच्या व्हाउचरसाठी वर्षाला 15,000 पाउंड खर्च लागतो, म्हणजे अजून 4,000 बाकी. विमा, किराणा, पेट्रोल असे जे खर्च होणारच आहेत ते त्या कार्डावर वळवा. त्यासाठी नवा सोफा आणू नका. आणि एक महिना जरी बिल थकवलंत, तरी व्याजात सगळी मजा निघून जाईल. सांगलीच्या मंगल कार्यालयाची आगाऊ रक्कम या कार्डाने भरायचा मोहही आवरा, परदेशातल्या व्यवहारावर ते जवळजवळ तीन टक्के कापतं. व्हाउचर दोन वर्षं चालतं, पण त्या मुदतीत नुसतं बुकिंग करून भागत नाही, निघावंही लागतं. नवऱ्याच्या व्हाउचरवरची तारीख आजच बघा.

माझा एक घोळ सांगते. मी आणि माझे यजमान अशीच दोन बुकिंगं करायला बसलो होतो, सोबत बहीण आणि तिचा मुलगा जायचे होते. पहिलं बुकिंग दोन मिनिटांत झालं. दुसऱ्याच्या पैशांसाठी बँकेचा कोड आला तो यजमानांच्या फोनवर, आणि फोन वरच्या मजल्यावर चार्जिंगला. ते जिना चढून उतरेपर्यंत त्या दोन सीट गेल्या. मी आणि बहीण पुढे आडव्या झालो, यजमान आणि भाचा मागे 41 नंबरच्या रांगेत. मी माझं पुडिंग नॅपकिनखाली झाकून मागे नेऊन दिलं, तरी तो विषय अजून प्रत्येक दिवाळीत निघतो. तेव्हा दोन लॅपटॉप, दोन्ही फोन हातात, आणि दोघांनी एकाच वेळी. सांगलीत तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, सासूबाई उठलेल्या असतील तर त्यांना देवापुढे बसवा.

इथवर तुम्ही विचारलेलं झालं. आता न विचारलेलं. चौघांनी दोन्ही बाजूंनी बिझनेसने जावं, असं मला वाटत नाही.

कारण आहे एअर पॅसेंजर ड्यूटी. हा ब्रिटिश सरकारचा कर फक्त ब्रिटनमधून निघताना लागतो. एप्रिल 2026 पासूनच्या वर्षासाठी भारताच्या पट्ट्यात इकॉनॉमीला माणशी 102 पाउंड, त्यावरच्या वर्गांना 244. इकॉनॉमीत 16 वर्षांखालच्या मुलांना तो माफ आहे, वरच्या वर्गात नाही. म्हणजे जाताना चौघं बिझनेसमध्ये बसलात तर 976 पाउंड, इकॉनॉमीत बसलात तर फक्त तुम्हा दोघांचे 204. मुंबईहून परत येताना हा कर शून्य, मग सीट कुठलीही असो.

जाताना मुलं उत्साहात असतात, पडद्यावर चार सिनेमे बघतात, आठ वर्षांच्या मुलाला सपाट बिछान्याचं काही कौतुक नसतं (बटणाचं असतं, ते पंधरा मिनिटं). येताना बघा. कार्य झालेलं, पाहुण्यांची उठबस, चार रात्री झोप नाही, मग सांगलीहून महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभर मुंबई, आणि घरी पोचल्यावर सोमवारी शाळा आणि ऑफिस. पाठ टेकायची गरज तेव्हा. मी म्हणेन जाताना इकॉनॉमी, येताना क्लब. एव्हिओसही कमी लागतील. बुकिंगच्या पडद्यावर कर आणि आकार एकाच आकड्यात गुंडाळलेले असतात, म्हणून दोन्ही प्रकार टाकून शेवटची रक्कम शेजारी शेजारी लिहा आणि मग ठरवा.

यात एक सोयही होते. परतीच्या सीट आठवड्याने उशिरा खुल्या होणार. नुसतं जाण्याचं बुकिंग केलंत तरी व्हाउचर त्यात अडकतं, म्हणून परतीची रात्र आली की ग्राहक सेवेला फोन करून परतीचा प्रवास त्याच बुकिंगला जोडून घ्यायचा. पहिल्या रात्री इकॉनॉमीच्या आठ सीट असल्याने धाकधूक कमी, खरी लढाई दुसऱ्या रात्री. बेत फिसकटलाच तर निघण्याच्या 24 तास आधीपर्यंत माणशी 35 पाउंड कापून एव्हिओस आणि व्हाउचर परत मिळतं, व्हाउचरची मुदत मात्र वाढत नाही.

परतीच्या विमानात दारं असलेल्या नव्या क्लब स्वीट असतील तर मधल्या जोडीतल्या सीट घ्या. खिडकीचा हट्ट धरलात तर मुलगा एका बाजूला आणि तुम्ही दुसऱ्या, आणि मध्ये बंद दार.

प्रश्न : माझ्या व्हाउचरवर आईबाबांना नागपूरहून मुंबईमार्गे लंडनला बिझनेसने आणता येईल का? मी स्वतः जाणार नाही.
— एक वाचक, लीड्स

उत्तर : नाही. तुम्ही विमानात नाही तर व्हाउचरही नाही. पण नुसत्या एव्हिओसवर त्यांचं एकेरी तिकीट काढता येईल, आणि निघणं भारतातून असल्याने वर सांगितलेला ब्रिटिश कर त्यात नाही. बिझनेसची सीट नाही मिळाली तरी व्हीलचेअर आधी सांगून ठेवा. त्याला पैसेही लागत नाहीत आणि पॉइंटही, आणि हीथ्रोच्या लांबलचक चालण्यात आईंना तीच जास्त उपयोगी पडेल.

प्रश्न : सेन्सबरी सुपरमार्केटच्या नेक्टर कार्डावर 12,000 पॉइंट पडून आहेत. एव्हिओस करू का?
— एक वाचक, हॅरो

उत्तर : 400 नेक्टरचे 250 एव्हिओस होतात, म्हणजे तुमचे 7,500. दुकानात त्याच 12,000 पॉइंटांचं 60 पाउंडांचं सामान येतं. एखाद्या ठरलेल्या प्रवासाला तेवढेच एव्हिओस कमी पडत असतील तर करा. नाहीतर डाळ-तांदूळ आणा.