वाचक विचारतात : सी-एच दिसला की च म्हणायचं, क की श?

प्रश्न : मुलगा दहावीपर्यंत मराठी माध्यमात होता, आता अकरावी सायन्सला गेलाय. बायोलॉजी-केमिस्ट्रीच्या पुस्तकात सी-एचवाले शब्द ढिगाने आहेत. चेअरमध्ये च, स्कूलमध्ये क, शेफमध्ये श, मग नवीन शब्द आला की पोरगं अडकतं. काही नियम आहे का? आणि अर्थ घोकंपट्टी न करता लक्षात राहतील असं काही सुचवा. (एक आई, सांगली)

उत्तर : ताई, शंभर टक्के चालेल असा नियम नाही, पण शब्द कुठून आला ते बघितलं की बरंच काम होतं. ग्रीकमधून आलेला असेल तर क, अलीकडच्या काळात फ्रेंचमधून उचललेला असेल तर श, आणि बाकी घरातले रोजचे शब्द म्हणजे चीज, चाइल्ड, चर्च वगैरे, तिथे च. सायन्सचे शब्द बहुतेक ग्रीक, त्यामुळे तुमच्या मुलाने डोळे झाकून क धरला तरी तो फारसा चुकणार नाही. आणि शब्दाच्या सुरुवातीलाच सी-एचच्या पाठोपाठ एल किंवा आर असेल तर क नक्कीच.

अर्थाचं म्हणाल तर ग्रीक तुकडे ओळखीचे करून घ्यायला सांगा, पाचसहा पुरेत. क्लोरोस म्हणजे फिकट हिरवा. 1810 साली हम्फ्री डेव्हीने क्लोरीनला हे नाव दिलं ते त्या वायूच्या पिवळट हिरव्या रंगावरून. क्लोरोफिल म्हणजे हिरवं अधिक पान, बस. क्लोरोफिलमध्ये क्लोरीन असतं असं समजणारी मुलं भरपूर भेटतात, पण त्यात क्लोरीन नसतंच, मधोमध मॅग्नेशियम असतं, हे परीक्षेतही विचारतात. क्रोमा म्हणजे रंग आणि सोमा म्हणजे शरीर, त्यातून क्रोमोसोम. आता पेशीतल्या त्या धाग्यांना रंगाचं नाव कशाला, तर मायक्रोस्कोपखाली ते दिसावेत म्हणून डाय घालायचे आणि हे धागे तो रंग चांगला धरायचे, म्हणून 1888 मध्ये वाल्डायर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने ते नाव ठेवलं. टॅकी म्हणजे वेगवान, टॅकीकार्डिया म्हणजे छातीचे ठोके भरभर पडणं. क्रोनॉस म्हणजे काळ, म्हणून क्रॉनिक म्हणजे जुनाट, रेंगाळलेला आजार. आपल्याकडे क्रॉनिक म्हटलं की लोक घाबरतात, काहीतरी गंभीर आहे म्हणून, तर तसं नाही हो, अ‍ॅलर्जीची सर्दीही क्रॉनिक असू शकते.

प्रश्न : चेअर आणि चान्स हेसुद्धा फ्रेंचमधूनच आले असं वाचलं. मग ते शेअर, शान्स का नाही झाले? (एक निवृत्त शिक्षक, अकोला)

उत्तर : सर, मुद्दा बरोबर पकडलात. 1066 साली फ्रान्सच्या उत्तरेकडच्या, फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोनतीनशे वर्षं फ्रेंच शब्दांचा लोंढाच आला. त्या वेळी फ्रेंच लोक स्वतःच च म्हणायचे. नंतर त्यांच्याकडे च चा श झाला पण इंग्रजांनी आधी घेतलेला च तसाच ठेवला, म्हणून चेअर, चेंबर, चान्स. पुढे शेफ, शोफर, ब्रोशर, पॅराशूट आले ते नव्या उच्चारासकट. यातली गंमत म्हणजे चीफ आणि शेफ हा मुळात एकच शब्द, डोकं या अर्थाच्या लॅटिन शब्दातून आलेला, एक आधी आला आणि ऑफिसात बसला, दुसरा उशिरा आला आणि किचनमध्ये गेला. शोफर म्हणजे गाडीचा ड्रायव्हर, पण मुळात भट्टीत कोळसा घालणारा, वाफेवरच्या गाड्यांच्या जमान्यातला. मशीन आणि मेकॅनिक यांचंही तसंच, मूळ ग्रीक शब्द एकच, पण मशीन फ्रेंचच्या वाटेने आलं म्हणून श, आणि मेकॅनिकने ग्रीक क सोडला नाही. लहान मुलींची शमीज आठवते ना? तीही फ्रेंचच, आणि आपली कमीज तिची लांबची बहीण.

प्रश्न : आर्किटेक्ट म्हणतात मग आर्चबिशप का? (कॉलेजची विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : दोन्हीकडे आर्च म्हणजे मुख्य, आर्किटेक्ट म्हणजे मुख्य बांधणारा. पुढे स्वर असेल तर बहुतेक क, जसं आर्केंजल, आणि व्यंजन असेल तर च, जसं आर्चबिशप, आर्चड्यूक. आर्चएनिमी मात्र या हिशोबात बसत नाही कारण तो शब्द इंग्रजीतच जोडून बनवलाय.

आणि एक, आपल्या मराठीत च दोन आहेत. इंग्रजी चेअर, चर्च, टीचर म्हणताना चारमधला च लावायचा, चोरमधला नाही. इंटरव्ह्यूत हे लगेच कानाला खटकतं, ग्रामर राहू दे बाजूला.

प्रश्न : हेडेकच्या स्पेलिंगमध्ये सी-एच कशाला? के का नाही? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पूर्वी के घालूनसुद्धा लिहायचे. हेडेकमधला ‘एक’, म्हणजे दुखणं, हा शब्द अस्सल इंग्रजी आहे, ग्रीकशी त्याचा काही संबंध नाही, पण सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या डिक्शनरीत तो ग्रीक समजून सी-एचवालं स्पेलिंग पक्कं केलं आणि आपण अजून ते पाठ करतोय. स्टमक मात्र खरोखरच ग्रीक. म्हणजे स्टमकेक लिहिताना दोनदा सी-एच येतो, त्यातला पहिला खरा आणि दुसरा जॉन्सनसाहेबांच्या कृपेने.

प्रश्न : शेड्यूल की स्केड्यूल? (एक आयटीवाला, हिंजवडी)

उत्तर : ब्रिटिश लोक शेड्यूल म्हणतात, अमेरिकन स्केड्यूल. क्लायंट जिथला असेल तिथलं म्हणा.