बरणी की पाऊच? आधी वजनकाटा काढा

प्रश्न: तुर्भे एमआयडीसीत आमचा लोणच्याचा छोटा कारखाना आहे. 400 ग्रॅमचं लोणचं पाऊचमध्ये जातं. ठाण्यातले दुकानदार म्हणतात, काचेची बरणी आणा, ती पर्यावरणाला बरी. निम्मा माल नागपूरला जातो. बरणीवर जावं का?

उत्तर: नागपूरच्या मालासाठी तर नकोच. जीवनचक्र मूल्यांकनात, म्हणजे एलसीएत, वस्तूचा कच्च्या मालापासून कचऱ्यापर्यंतचा पर्यावरणावरचा भार मोजतात. त्यात तुलना कशाची करायची ते आधी ठरवतात. इथे ‘ग्राहकाच्या हाती धडधाकट पडलेले 1000 नग’ धरा. मग एका नगाचं सगळं काट्यावर चढवा: बरणी, झाकण, लेबल, खोक्याचा वाटा, पुठ्ठ्याचे कप्पे, चिकटपट्टीसुद्धा.

रिकामी बरणी 220 ग्रॅमची धरली तर काच झाली 220 किलो. ती सुमारे 1500 अंशांच्या भट्टीतून येते. किलोमागे ढोबळ 1 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे 220 किलो. पाऊच 10 ग्रॅमचा. प्लास्टिकला किलोमागे 3 धरले तरी 30. गंमत पुढेच आहे. बरणीचं पत्र्याचं झाकण साधारण 10 ग्रॅमचं, आणि हजार झाकणांचेच 25-30 किलो होतात! त्यामुळे बरणी परत आणून आठदा वापरली, तरी दर वेळी नवं झाकण लागल्याने ती पाऊचच्या जवळपास दुप्पट पडते. धुण्याचं गरम पाणी वेगळंच.

वाहतुकीचा बाऊ मात्र करू नका. 800 किमीला, टन-किलोमीटरमागे (एक टन माल एक किलोमीटर नेण्यामागे) 0.1 किलो धरून, बरणीच्या मालाचे 50 आणि पाऊचच्या मालाचे 33. फरक जेमतेम 17 किलोंचा. फूट जास्त महागात पडते: शंभरात दोन बरण्या फुटल्या तर 1020 भराव्या लागतात, आणि सांडलेल्या तेलाचा भार किलोमागे काचेहून मोठा असतो.

आता पाऊचची उणी बाजू. पेट (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) आणि पॉलिथिनचे चिकटवलेले थर वेगळे होत नाहीत, म्हणून भंगारवाला त्याला हात लावत नाही. नाल्यात अडकलेला पाऊच कार्बनच्या आकड्यात दिसतच नाही. एलसीएची ही बाजू आम्हाला लंगडी वाटते. पर्याय म्हणून सगळे थर पॉलिथिनचेच असलेला पाऊच मागवून पाहा. त्यात पेटचा उष्णता सोसणारा थर नसतो, त्यामुळे जुन्याच तापमानावर सील केलं तर बाहेरची बाजू सुरकुतते, सील यंत्राच्या जबड्याला चिकटते. तापमान उतरवा, दाबून धरण्याची वेळ थोडी वाढवा. भरताना सीलच्या पट्ट्यावर तेल उडालं तर तिथेच गळती होते. नोझल पाऊचमध्ये खोल उतरवा. भरलेले 50 पाऊच टिपकागदावर आठवडाभर उलटे ठेवा आणि डाग मोजा. जितके गळतील, तितके जास्तीचे नग हिशेबात धरा.

प्रश्न: यासाठी सॉफ्टवेअर घ्यावं लागेल?

उत्तर: दोन डिझाइनमधून निवडायला एक्सेल पुरतं. ओपनएलसीए हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पण तपशीलवार डेटाबेस बरेचदा विकत घ्यावे लागतात. वेष्टनावर ‘दुसऱ्यापेक्षा पर्यावरणपूरक’ असं जाहीर छापायचं असेल, तर मात्र आयएसओ 14044 या एलसीएच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार बाहेरच्या तज्ज्ञांच्या समितीकडून तपासणी लागते.