टेलिपोर्टेशन : ‘दूरवहन’ नव्हे, ‘आवेश’

एका वाचकाने विचारले आहे की ‘क्वांटम टेलिपोर्टेशन’ या संज्ञेसाठी मराठीत ‘दूरवहन’ म्हणावे की ‘दूरस्थानांतरण’, आणि दोन्ही पसंत नसल्यास इंग्रजी शब्दच देवनागरीत लिहावा का.

‘टेली’ म्हणजे दूर आणि ‘पोर्ट’ म्हणजे वाहून नेणे, हे कोणताही शब्दकोश सांगेल, त्यामुळे त्यावर जागा खर्च करत नाही. सुचवलेले दोन्ही प्रतिशब्द मूळ इंग्रजी शब्दातला दोष जसाच्या तसा मराठीत आणतात, ही माझी हरकत आहे. प्रयोगशाळेत जे घडते त्यात कोणतीही वस्तू वाहून नेली जात नाही आणि कोणाचेही स्थानांतर होत नाही. बातम्या तर याच्याही पुढे जातात. ‘कण येथे अंतर्धान पावला आणि दूरवर क्षणार्धात प्रकट झाला’ अशा अर्थाचे वाक्य मी वर्षानुवर्षे वाचत आलो आहे, आणि ते दर वेळी तितकेच चुकीचे असते.

हा शब्द विज्ञानाने घडवलेलाच नाही. अमेरिकी लेखक चार्ल्स फोर्ट यांनी १९३१ साली तो रूढ केला, तो वस्तू आणि प्राणी अकस्मात नाहीसे होण्याच्या व भलतीकडे सापडण्याच्या, कारण न उलगडलेल्या गोष्टींसाठी. तेथून तो विज्ञानकथांमध्ये गेला आणि माणसे एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात पोचवू लागला. १९९३ साली चार्ल्स बेनेट आणि त्यांच्या पाच सहकाऱ्यांनी तो भौतिकीत घेतला, तेव्हा त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात टेलिपोर्ट होणारी गोष्ट कोणता कण नसून ‘अज्ञात पुंज-अवस्था’ होती (पुंज म्हणजे क्वांटम, आणि पुंज-अवस्था म्हणजे कणाचे गुणधर्म ठरवणारी त्याची स्थिती). वाक्यातले कर्म बदलले की क्रियापदाचा अर्थही बदलतो, आणि नेमके तेवढेच प्रतिशब्द घडवणाऱ्यांच्या नजरेतून निसटले.

प्रयोग असा असतो. ज्याची अवस्था पाठवायची तो कण पाठवणाऱ्यापाशी असतो. त्याखेरीज परस्परांशी गुंफलेल्या (एंटँगल्ड), म्हणजे ज्यांच्या मापनांची उत्तरे एकमेकांशी जोडलेली असतात अशा, दोन कणांची एक जोडी आधीच तयार करून त्यातला एक कण पाठवणाऱ्याकडे आणि दुसरा घेणाऱ्याकडे दिलेला असतो. पाठवणारा आपल्याकडच्या दोन कणांचे एकत्रित मापन करतो. त्याला चारांपैकी एक उत्तर मिळते, आणि त्याच वेळी मूळ कणाची अवस्था पुसली जाते. ते उत्तर तो साध्या मार्गाने, म्हणजे तारेने, रेडिओने किंवा दूरध्वनीने कळवतो. घेणारा त्यानुसार आपल्या कणावर ठरलेली एक क्रिया करतो, आणि त्या कणाला मूळ अवस्था प्राप्त होते. चारांपैकी एक उत्तर असे असते की काहीच करावे लागत नाही, पण ते उत्तर कोणते हे निरोप आल्याशिवाय घेणाऱ्याला कळत नाही.

‘क्षणार्धात’ हा शब्द येथेच बाद होतो. व्हिएन्नातल्या संशोधकांनी २००४ साली डॅन्यूब नदीच्या दोन तीरांमध्ये ६०० मीटर अंतरावर हा प्रयोग केला, तेव्हा गुंफलेला प्रकाशकण नदीखालच्या बोगद्यात, सांडपाण्याच्या वाहिन्यांच्या सोबतीने टाकलेल्या ८०० मीटर लांबीच्या प्रकाशतंतूतून गेला, आणि मापनाचे उत्तर नदीवरून सूक्ष्मलहरींनी गेले. काचेत प्रकाश हवेपेक्षा मंद चालतो, म्हणून उत्तर कणाच्या सुमारे दीड मायक्रोसेकंद आधी पैलतीरी पोचले, आणि तेवढ्या अवधीत तेथल्या यंत्रणेला कणासाठी योग्य ती क्रिया सज्ज ठेवता आली. ज्या प्रयोगात निरोपाची वाट अशी बेतावी लागते, त्यात प्रकाशाहून वेगवान असे काही घडल्याचे लिहिणे म्हणजे प्रयोगाचा गाभाच न वाचणे होय.

मूळ अवस्था पुसली जाणे हा यंत्राचा उणेपणा नाही. अज्ञात पुंज-अवस्थेची तंतोतंत नक्कल करता येत नाही, हे वूटर्स आणि झुरेक या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८२ साली सिद्ध केले आहे. तेव्हा दुसरीकडे अवस्था उमटायची असेल, तर पहिलीकडे ती उरता कामा नये. भौतिकशास्त्रज्ञ आन्तोन त्साइलिंगर यांच्या गटाने १९९७ साली ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये प्रकाशकणांवर हे करून दाखवले, तेव्हा मूळ प्रकाशकण तो टिपणाऱ्या उपकरणात शोषला गेला. २००४ साली इन्सब्रुकमध्ये कॅल्शियमचे आणि अमेरिकेत बोल्डर येथे बेरिलियमचे आयन, म्हणजे विद्युत् भारित अणू, घेऊन तेच केले गेले, तेव्हा मात्र मूळ आयन आपल्या जागी तसाच राहिला, फक्त त्याची अवस्था त्याच्यापाशी राहिली नाही. देह येथेच राहतो, देहातले जे काही असते ते दुसऱ्या, आधीपासून तेथे असलेल्या देहात जाते. आपल्याकडे या घटनेला फार जुना शब्द आहे : परकायाप्रवेश. नाथपंथीय कथेत मच्छिंद्रनाथ राजा त्रिविक्रमाच्या मृत देहात शिरतात आणि स्वतःचा देह गोरक्षनाथांच्या राखणीत ठेवून जातात. कॅल्शियमच्या आयनाचे वर्णन ‘दूरवहन’पेक्षा ही कथा कितीतरी अचूक करते. याचा अर्थ नाथांना पुंजभौतिकी अवगत होती असा कोणी काढू नये. मी शब्दाच्या नेमकेपणाबद्दल बोलतो आहे, आणि निरोप पाठवण्याची जी अट प्रयोगात आहे ती कथेत कोठेही नाही.

तरीही ‘परकायाप्रवेश’ मी जसाच्या तसा सुचवत नाही, कारण त्याहून चांगला शब्द पतंजलींनी देऊन ठेवला आहे. योगसूत्रांच्या विभूतिपादात या सिद्धीला ‘चित्तस्य परशरीरावेशः’ म्हटले आहे. येथे जाणारे ते ‘चित्त’, शरीर नव्हे, आणि जाण्याची क्रिया ‘आवेश’. आज मराठीत आवेश म्हणजे जोश, त्वेष एवढेच उरले असले, तरी मूळ अर्थ ‘आत शिरणे’ हाच आहे. आवेशाने बोलणाऱ्याच्या अंगात काहीतरी शिरलेले असते, आणि ‘भूताविष्ट’ या शब्दात तो अर्थ अजून शाबूत आहे. ‘अंगात येणे’ हा आपला रोजचा वाक्प्रचार हीच कल्पना साध्या शब्दांत सांगतो.

या ‘विश्’ धातूचा गोतावळा पाहण्यासारखा आहे. आत शिरणे आणि वस्ती करणे हे दोन्ही अर्थ त्यात एकत्र नांदतात. वेदातले ‘विश्’ म्हणजे वस्ती आणि तिथली माणसे, त्यावरून वैश्य, आणि ‘विश्पति’ म्हणजे वस्तीचा प्रमुख. लिथुआनियन भाषेत ‘विएशपात्स’ हा शब्द आजही प्रभू, परमेश्वर या अर्थाने वापरला जातो, आणि तो आपल्या विश्पतीचा सख्खा भाऊ आहे. ग्रीक ‘ओइकोस’, म्हणजे घर, याच मुळाचा, आणि इकॉनॉमी व इकॉलॉजी हे शब्द त्याच घरातून निघाले. लॅटिन ‘विकुस’, म्हणजे वस्ती किंवा आळी, हाही त्यांचाच आप्त. एवढे सगळे भाऊबंद एकच गोष्ट सांगतात की या धातूतले शिरणे वाटसरूचे नव्हे, मुक्काम करणाऱ्याचे आहे. पुंज-अवस्था दुसऱ्या कणात नेमकी तशीच शिरते. तेथून पुढे ती त्या कणाचीच असते आणि मूळ कणाचा तिच्यावर काही हक्क राहत नाही.

म्हणून मी ‘अवस्थावेश’ (अवस्था + आवेश) हा शब्द सुचवतो. संस्कृतावरून पारिभाषिक शब्द घडवणारे कोशकार डॉ. रघुवीर यांच्या परंपरेतले परिभाषाकार यावर नाराज होतील, कारण इंग्रजीतल्या प्रत्येक उपसर्गाला एकेक संस्कृत जोडीदार नेमून देणे हीच त्यांची शिस्त होती आणि ‘टेली’समोर ‘दूर’ दिसलेच पाहिजे. ‘दूरध्वनी’ हा उत्तम शब्द आहे, कारण तेथे दूरचा ध्वनी खरोखर ऐकू येतो. पण येथे अंतर हा मुद्दाच नाही. एकाच सापळ्यात शेजारी शेजारी धरलेल्या दोन आयनांतही हीच क्रिया होते, आणि २०१७ साली चीनच्या मिशियस या पुंजप्रयोगांसाठीच्या उपग्रहाकडे तिबेटमधल्या केंद्रातून १४०० किलोमीटरपर्यंत झाली तीही हीच. उपसर्गांचे तक्ते जुळवून परिभाषा घडवणाऱ्यांनी विषय समजून घेण्याचे काम टाळले आणि त्याची किंमत विद्यार्थी मोजतात, असे माझे स्पष्ट मत आहे. हिंदीत ‘आवेश’ विद्युत् भारासाठी वापरतात, हा आक्षेपही मराठीला लागू नाही, कारण आपल्याकडे त्यासाठी ‘विद्युत् भार’ रूढ आहे.

विज्ञानकथेत माणूस यंत्रात शिरून दुसऱ्या ग्रहावर उतरतो, तेथे ‘टेलिपोर्टेशन’ खुशाल ठेवावे, कारण तेथे वहनच अभिप्रेत असते. प्रयोगाविषयी लिहिताना मात्र क्रियापदाचा कर्ता अवस्था असावा, कण नसावा, आणि वाक्य असे व्हावे : ‘पहिल्या आयनाची अवस्था दुसऱ्या आयनात आविष्ट झाली.’