शनिवारी यायच्या आधी एवढं वाच

अगं, आमच्या इमिग्रेशनच्या हेल्प डेस्कला मदतीला येते म्हणालीस, नक्की ये, आम्हाला हिंदी-गुजराती बोलणारी माणसं कायम कमीच पडतात. पण तू स्वतः एफ-वनवर, म्हणजे स्टुडंट व्हिसावर, आणि ओपीटी, म्हणजे शिक्षणाला जोडून मिळणारी कामाची परवानगी, चालू, तेव्हा आधी तुझंच बोलते.

अठरा वर्षांवरच्या नॉन-सिटिझनने रजिस्ट्रेशनचा कागद कायम जवळ ठेवायचा हा नियम अमेरिकेत जुनाच आहे, फक्त आधी सहसा कोणी विचारत नव्हतं, आता विचारतात. म्हणजे ईएडी, तुझं वर्क परमिटचं कार्ड, पर्समध्ये, आय-९४ या देशात आल्याच्या नोंदीची प्रिंट सोबत, आणि घर बदललंस तर दहा दिवसांच्या आत कॉलेजला कळवायचं. एप्रिल २०२५ मध्ये कितीतरी फॉरेन स्टुडंट्सचे सेविस रेकॉर्ड, म्हणजे सरकारकडची त्यांच्या स्टेटसची नोंद, अचानक बंद केले होते, काहींचे तर ट्रॅफिकच्या किरकोळ भानगडींवरून, मग कोर्टात केसेस झाल्या आणि रेकॉर्ड परत चालू करावे लागले, पण मधले ते दिवस पोरांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. म्हणून कुठे अटक चालू असेल तर तू व्हिडिओ काढायला फोन घेऊन पुढे धावू नकोस, ते काम सिटिझन असलेल्यांना करू दे. याला भित्रेपणा नाही म्हणत.

आता डेस्कवरचं काम. निम्मं काम दाराचंच असतं बघ, म्हणजे इमिग्रेशनची माणसं दाराशी आली तर काय करायचं ते सांगायचं. आम्ही वॉरंटचे दोन नमुने लोकांच्या हातात देतो. एकावर डिपार्टमेंट ऑफ होमलँड सिक्युरिटी छापलेलं, फॉर्म नंबर आय-२०० नाहीतर आय-२०५, आणि सही इमिग्रेशन ऑफिसरची. दुसऱ्यावर कोर्टाचं नाव, जजची सही आणि झडती कुठल्या घराची घ्यायची त्याचा पत्ता. दोन्हीला वॉरंटच म्हणतात आणि इंग्रजी जेमतेम येणाऱ्या माणसाला दोन्ही सारखेच भीतिदायक दिसतात, पण पहिल्या कागदावर घरात शिरायचं तर घरातल्याची परवानगी लागते असंच आजवर कायदा सांगत आलाय. हल्ली तेही ताणलं जातंय, म्हणून लोकांना सांग की दाराशी झटापट करायची नाही, कागद खिडकीतून दाखवा म्हणायचं, "माझी परवानगी नाही" एवढं बोलायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसायचा हक्क कागद असणाऱ्याला आणि नसणाऱ्याला सारखाच आहे. खोटं नाव, खोटा कागद मात्र अजिबात नाही, त्याने होती ती केससुद्धा हातची जाते.

"तुम्ही कसे आलात?" हे विचारू नकोस. तुझ्या कामाला ते लागत नाही आणि जे तुला माहीत नाही ते तुझ्या तोंडून बाहेर जाणार नाही. सल्लाही देऊ नकोस, तो वकिलाने किंवा जस्टिस डिपार्टमेंटने मान्यता दिलेल्या प्रतिनिधीने द्यायचा. इमिग्रेशन कोर्टात सरकार फुकट वकील देत नाही, त्यामुळे "मी फॉर्म भरून देतो" म्हणणाऱ्या एजंटांचं फावतं, आणि त्यांनी घोळ घातलेल्या फायली शेवटी आमच्याच टेबलावर येतात.

आया सगळ्यात जास्त शाळेचं विचारतात. शाळा, हॉस्पिटल, चर्च इथे शक्यतो कारवाई नको असं जुनं धोरण होतं ते जानेवारी २०२५ मध्ये काढून टाकलं. मुलाला शाळा नाकारता येत नाही, ते सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्येच सांगून ठेवलंय, हे ठणकावून सांग. शाळेच्या बाहेरच्या रस्त्याची गॅरंटी मात्र देऊ नकोस, कारण ती कोणीच देऊ शकत नाही.

आणि व्हॉट्सॲप! "ओक ट्री रोडवर आइस आलंय" असा मेसेज आला (आइस म्हणजे धरपकड करणारं इमिग्रेशन खातं, ओक ट्री रोड म्हणजे इथला आपल्या दुकानांचा रस्ता) की स्वतः खात्री केल्याशिवाय पुढे ढकलायचा नाही. अशा एका फॉरवर्डने दुकानं ओस पडतात, किचनमधली माणसं कामावर येत नाहीत, बाया डॉक्टरची अपॉइंटमेंट सोडतात. भीती अंगात कशी उतरते ते बघायचं तर आयोवातल्या पोस्टविलचं वाच. मे २००८ मध्ये त्या छोट्याशा गावातल्या मांसाच्या कारखान्यावर धाड पडली, ३८९ लोक एका दिवसात उचलले. पुढे अभ्यासात दिसलं की त्यानंतर आयोवातल्या लॅटिनो आयांची बाळं कमी वजनाची जन्मण्याचा धोका आदल्या वर्षीपेक्षा २४ टक्क्यांनी वाढला, आणि त्यात अमेरिकेतच जन्मलेल्या आयासुद्धा होत्या.

आपल्या पॉटलकमध्ये कोणीतरी म्हणेलच, "आपण लीगल आलो, आपल्याला काय त्याचं?" वाद घालत बसू नकोस, जेवण गार होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये हातापायात बेड्या घालून लष्करी विमानाने १०४ जण अमृतसरला उतरवले त्यात तिघं महाराष्ट्रातले होते, एवढं सांग आणि पुरणपोळी घे.

शिवाय आपल्यातल्या एच-फोरवरच्या, म्हणजे नवऱ्याच्या वर्क व्हिसावर आलेल्या, बायका आहेतच की. नवरा मारतो, पण पोलिसांना बोलावलं तर व्हिसा जाईल असं त्यानेच तिच्या डोक्यात भरवलेलं असतं. आपल्या न्यू जर्सीत २०१८ च्या ट्रस्ट डायरेक्टिव्ह या राज्याच्या आदेशाप्रमाणे लोकल पोलिसांनी उगाच कोणाचं इमिग्रेशन स्टेटस विचारायचं नसतं, मदत मागणाऱ्या बाईचं तर नाहीच. छळ झालेल्या एच-फोर बाईला स्वतःचं वर्क परमिट मागता येतं, गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठी यू व्हिसा आहे, आणि १९८५ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करणारी मानवी ही संस्था इथेच आहे. अशी कोणी आली तर तिला बाजूला घेऊन बस, घाई करू नकोस, आणि नंबर घेताना पहिलं हे विचार की हा फोन घरात अजून कोण बघतं. ती "हे बघतात" म्हणाली तर मेसेज करायचा नाही, आपला नंबर तिच्या हातात कागदावरही द्यायचा नाही, पुढच्या शनिवारी किती वाजता आणि काय निमित्त सांगून येता येईल तेवढं तिच्याशी ठरवायचं.