ॲसिटोनने पुसूनही रंगाला खड्डे का पडतात?

लोखंडी पत्रा ॲसिटोनने पुसूनही रंगात बारीक गोल खड्डे पडले, तेव्हा द्रावक भेसळीचे असावे का आणि त्याऐवजी थिनर वापरावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते दोष बहुधा द्रावकात नसून पुसण्याच्या पद्धतीत आहे.

ॲसिटोन 56 अंश सेल्सिअसला उकळते आणि साध्या हवेतही पाहता पाहता उडून जाते. तेल त्यात विरघळले म्हणजे ते पत्र्यावरून निघाले असे नव्हे. द्रावक उडाले की तेच तेल पातळ थर होऊन पुन्हा पत्र्यावर बसते. म्हणून दोन्ही हातांत फडकी हवीत: एका ओल्या फडक्याने वीतभर भाग पुसावा आणि तो ओला असतानाच दुसऱ्या कोऱ्या, कोरड्या फडक्याने टिपून घ्यावा. फडक्याची बाजू सतत बदलावी, आणि मळके फडके बाटलीच्या तोंडाला कधीही लावू नये. त्यानंतर एखाद्या कोपऱ्यावर स्वच्छ पाणी सोडून पाहावे. पाणी सलग पसरले तर पत्रा स्वच्छ आहे, थेंब-थेंब होऊन तुटले तर तेलकटपणा शिल्लक आहे. (हे पाणी लगेच पुसावे, नाहीतर गंज धरतो.)

अशा खड्ड्यांमागे पुष्कळदा सिलिकोन तेल असते, आणि ते ॲसिटोनमध्ये फारसे विरघळत नाही. सिलिकोन किंवा ग्रीसचा जाड थर असेल तर आधी मिनरल टर्पेंटाइनने पुसून शेवटचा हात ॲसिटोनचा द्यावा. थिनर हे अनेक द्रावकांचे मिश्रण असते आणि त्याचे घटक उत्पादकागणिक बदलतात, त्यामुळे अखेरच्या सफाईसाठी मी त्याची शिफारस करणार नाही. दमट हवेत आणखी एक अडचण येते: ॲसिटोन उडताना पत्रा गार पडतो आणि त्यावर हवेतील बाष्प धरते, म्हणून पत्रा पुन्हा खोलीच्या तापमानाला आल्यावरच रंग द्यावा.

जवळपासच्या प्लास्टिकची काळजी घ्यावी. थर्माकोल विरघळतो, ॲक्रिलिक व एबीएस मऊ पडतात, पॉलिकार्बोनेटला तडे जातात. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन मात्र टिकतात. ॲसिटोनची हीच विरघळवण्याची ताकद ॲसिटिलीनच्या सिलिंडरमध्ये उपयोगी पडते: नुसता दाबलेला ॲसिटिलीन वायू आपोआप स्फोट पावू शकतो, म्हणून तो सच्छिद्र भरावात मुरवलेल्या ॲसिटोनमध्ये विरघळवून साठवतात.

सर्वांत कळकळीने सांगायचे ते आगीबद्दल. ॲसिटोनची वाफ उणे 20 अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते आणि हवेत तिचे प्रमाण सुमारे अडीच टक्के झाले तरी ठिणगी पुरते. ती हवेच्या दुप्पट जड असल्याने जमिनीलगत सरकत जाते. केवळ वरची खिडकी उघडून भागत नाही, खालूनही हवा खेळती हवी, आणि शेजारी वेल्डिंग किंवा ग्राइंडर चालू नसावा. निळे नायट्राइल हातमोजे ॲसिटोनसमोर काही मिनिटांतच निकामी होतात, त्यामुळे ब्युटाइल रबराचे घ्यावेत. वापरलेली फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकावीत.