मेंदूवर काम करायला डॉक्टर व्हावं लागतं का?

प्रश्न : मुलगी बीएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नीट दोनदा दिली, थोडक्यात हुकली. मध्यंतरी कॉलेजात एका मॅडमचं व्याख्यान झालं. त्या विद्यापीठात फिजिक्स शिकवतात आणि एमआरआय वापरून मेंदूवर संशोधन करतात. तेव्हापासून 'मला हेच करायचंय' म्हणून हिनं घर डोक्यावर घेतलंय. पण मेंदू म्हणजे डॉक्टरांचंच काम ना? पुन्हा नीटला बसवू का? आणि यात पोट भरतं का? – एक वडील, लातूर

उत्तर : नमस्कार. नीटला पुन्हा बसवू नका. गाठ आहे का, रक्तस्राव झालाय का, हे एमआरआय बघून डॉक्टर सांगतात. त्या मॅडमचं काम निराळं. धडधाकट माणूस मनातल्या मनात बेरीज करतो तेव्हा मेंदूचा कुठला भाग कामाला लागतो, आणि ते मोजायचं कसं, हा त्यांचा प्रश्न. एमआरआयसाठी २००३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना मिळालं. पहिले रसायनशास्त्राचे, दुसरे फिजिक्सचे. मुलगी योग्य दारातच उभी आहे.

तिला भुरळ पडलीय ती बहुधा एफएमआरआयची, म्हणजे मेंदू काम करत असताना काढलेल्या एमआरआयची. मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे रक्ताचा ओघ वाढतो. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात वेगवेगळं वागतं, आणि हा फरक एमआरआयमध्ये टिपता येतो, हे जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवलं. मात्र तो ओघ शिगेला पोचायला पाच-सहा सेकंद लागतात. म्हणजे विचार येऊन गेलेला असतो, आपण त्याच्या पाऊलखुणा बघत असतो. चित्रातले ते लाल-पिवळे ठिपकेसुद्धा आकडेमोडीतून येतात. काही संशोधकांनी मेलेला सामन मासा यंत्रात ठेवून त्याला माणसांचे फोटो 'दाखवले', आणि संख्याशास्त्रातली एक दुरुस्ती गाळल्याबरोबर त्याच्याही मेंदूत हालचाल दिसली! २०१२ मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार पारितोषिक. मला स्वतःला हा प्रयोग फार आवडतो, कारण या क्षेत्रात दिवसाचे तास कुठे जातात ते त्यातून कळतं : संख्याशास्त्र, पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, पुन्हा संख्याशास्त्र.

हे तिला झेपतं का, रुचतं का, हे घरबसल्या बघता येईल. ओपनन्यूरो या वेबसाइटवर खऱ्या स्कॅनचा डेटा फुकट मिळतो, तो तपासायचं निलर्न हे सॉफ्टवेअरही फुकट. साधा लॅपटॉप पुरतो. दिवाळीच्या सुट्टीत एक डेटासेट उघडून बसू दे. चार दिवसांत कंटाळली तर पुढची दहा वर्षं वाचली.

दहा वर्षं उगाच म्हटलं नाही. एमएस्सी दोन वर्षं. फिजिक्समध्येच करावी किंवा आयआयटी गांधीनगरसारख्या ठिकाणी कॉग्निटिव्ह सायन्समध्ये, म्हणजे मन आणि मेंदू कसे चालतात याच्या अभ्यासात. मग पीएचडी, पाच-सहा वर्षं; मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बंगळुरूची आयआयएससी ही त्यातली नावाजलेली ठिकाणं. नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, घरभाडेभत्ता वेगळा. घरून पैसे मागवावे लागत नाहीत. त्यानंतर बहुधा पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम. सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० आहे, पण ती जागा मिळेपर्यंत तिशी उलटते, आणि आपल्याकडे नेट-सेट झालेली कितीतरी मुलं अजून तासिका तत्त्वावर शिकवताहेत. तुम्ही लग्नाचं लिहिलं नाहीत, पण मनात असेलच. ते आत्ताच मोकळेपणानं बोलून घ्या.

आणि शिकवणं. बरीच मुलं हा भाग धरतच नाहीत. विद्यापीठातल्या शास्त्रज्ञाचा आठवडा पहिल्या वर्षाचे तास, प्रॅक्टिकल, जर्नल तपासणं, पेपर काढणं यांतच निम्मा सरतो. स्कॅनर रुग्णालयाचा असेल तर तो रुग्णांचं आटोपल्यावर, रात्री मिळतो. शेजारच्या अकरावीतल्या कुणाला तिनं महिनाभर फिजिक्स शिकवून पाहावं. त्यात मजा आली तर ही नोकरी तिची.

विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी संशोधन फेलोशिपसाठी अर्ज करायला सांगा. त्या मॅडमनाही विचारावं, सुट्टीत त्यांच्या प्रयोगशाळेत महिनाभर बसता येईल का म्हणून. ईमेल मात्र तिचं तिलाच लिहू द्या. 'माझ्या मुलीला आपल्याकडे…' अशी सुरुवात असलेल्या ईमेलना काय उत्तरं जातात, ते मला चांगलं ठाऊक आहे.